लॉ स्कूलच्या आधी

आमच्या लेकीला वकील व्हायचंय. हे तिने नववीतच जाहीर केलं होतं, त्यामुळे त्याचं काही नवल नव्हतं. धक्का बसला तो यंदा मार्चमध्ये. कॉलेजचं दुसरं वर्ष संपत आलं, मेजर ठरवायची वेळ आली आणि तिने फोनवर सांगितलं की अँथ्रोपॉलॉजी घेणार. मी तडकलोच. आदिवासींच्या चालीरीती शिकून कोर्टात काय दिवे लावणार, असं बोलूनही गेलो. तिने फोन ठेवला आणि पुढचे दोन आठवडे फक्त आईशी बोलली.

इथल्या लॉ स्कूलला पदवी कुठल्या विषयाची आहे याचं सोयरसुतक नसतं, हे मला माहीत होतं. गुण चांगले हवेत, एलसॅटसारखी परीक्षा चांगली जायला हवी, बस. पण बापाच्या डोक्यात ‘उपयोगी विषय’ नावाचा किडा असतो आणि फी तर आपणच भरत असतो!

त्या दोन आठवड्यांत कपाटातलं बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र पुन्हा काढलं. काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला कोलंबियाच्या लेहमन लायब्ररीत त्यांचा अर्धपुतळा पाहिला होता. तेव्हा फोटो काढून निघालो होतो. या माणसाने कायद्याच्या आधी काय काय शिकलं, ते या वेळी नीट वाचलं.

पहिली निवड तर त्यांना करूच दिली नाही. शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य मुलाला ते शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार होता. म्हणजे डोक्यावर ओझं आपल्या मुलांच्या स्टुडंट लोनपेक्षा कमी नव्हतंच. शिवाय मुंबईत चाळीत बायको आणि घरचा खटला.

अशा माणसाने न्यूयॉर्कला येऊन चटकन एक पदवी पदरात पाडून घेतली असती तर कोण नावं ठेवणार होतं? त्यांनी मात्र विषयांची रास लावली. अर्थशास्त्राचे 29 कोर्स, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, वर फ्रेंच आणि जर्मन. कायद्याचा त्यात एकही नाही. सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन असे एकेक शिक्षक. 1915 मध्ये एम.ए. झाले. मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. हो, तोच विषय, ज्यावरून मी फोनवर तोंड सोडलं होतं.

कायदा आला त्यानंतर. 1916 च्या शेवटी लंडनला ग्रेज इनमध्ये नाव घातलं आणि त्याच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही. 1917 साली शिष्यवृत्ती संपली आणि परतावं लागलं. बडोद्याला अधिकारी म्हणून गेले, पण राहायला कोणी घर देईना. ती नोकरी सुटली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, तिथली बचत, शाहू महाराजांची मदत आणि न्यूयॉर्कच्या दिवसांतले मित्र नवल भथेना यांचं कर्ज, असं जमवून 1920 मध्ये पुन्हा लंडन. 1922 ला बॅरिस्टर झाले, 1923 ला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुरा केला.

आणि वकिली? सहज चालली नाही. मोठे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामं पाठवत नसत. काही वर्षं एका अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी घर चालवलं. हा भाग मी लेकीला मुद्दाम सांगितला. पदव्या असल्या की दारं आपोआप उघडतात, असं तिला वाटू नये.

पण महाडचा खटला बघा. 1927 च्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचं प्रकरण कोर्टात गेलं, बाबासाहेब स्वतः प्रतिवादींपैकी एक. विरुद्ध बाजूचं म्हणणं, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आलीय. 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की ती तशी अनादि असल्याचं सिद्ध झालेलं नाही. रूढी म्हणजे काय, ती किती जुनी, तिचा पुरावा कुठला, हे प्रश्न मला तरी कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या सेमिनारच्या खोलीतले वाटतात. कोलंबियातला त्यांचा एक प्रबंध होता प्रांतांच्या अर्थव्यवहारावर. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या हातून गेलेल्या राज्यघटनेत केंद्र आणि राज्यांमध्ये कराचा पैसा वाटण्यासाठी वित्त आयोग आहे, कलम 280.

जून 1952 मध्ये कोलंबियाने त्यांना बोलावून मानद डॉक्टरेट दिली. ती कायद्याची. गंमत आहे ना?

मी लेकीला फोन केला. माफी वगैरे मागितली नाही, आपल्याकडे ती पद्धत नाही. फक्त ही कोर्सची यादी वाचून दाखवली. ती ऐकत राहिली आणि मग विचारलं, की बाबा, अर्थशास्त्राचे 29 मलाही घ्यावे लागणार का? एवढे नकोत, म्हटलं, पण दोन-तीन तरी घे. तिने दोन घेतलेत. मेजर अँथ्रोपॉलॉजीच.