माथियास झडार्स्की

माथियास झडार्स्की (२५ फेब्रुवारी १८५६ – २० जून १९४०) हे ऑस्ट्रियातील स्की-शिक्षक, लेखक व हिमस्खलनाचे अभ्यासक होते. आल्प्स पर्वतातील तीव्र उतारांवर स्कीने सुरक्षितपणे उतरण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. त्यांना आल्पाइन स्कीइंगचे एक जनक मानले जाते.

प्रारंभिक जीवन

झडार्स्की यांचा जन्म मोराव्हियातील त्रेबिच शहराजवळील कोझिखोवित्से या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. बालपणीच्या एका अपघातात त्यांची एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यांनी शिक्षक म्हणून काम केले. चित्रकला व शिल्पकलाही त्यांना अवगत होत्या. पुढे ते लिलियेनफेल्डजवळील हाबर्नराइट या डोंगरातील शेतावर राहू लागले.

स्कीतंत्र

फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलँड पार केले. त्या प्रवासाचे वर्णन वाचून झडार्स्की यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या. जवळजवळ तीन मीटर लांबीच्या या स्की आल्प्सच्या अरुंद व तीव्र उतारांवर वळवणे कठीण होते. त्यांनी त्या आखूड केल्या आणि बूट स्कीला जोडणारा धातूचा नवा बंध तयार केला. या बंधामुळे चढताना टाच उचलता येई, परंतु पाऊल आडवे घसरत नसे. एक स्की तिरपी करून वेग रोखणे आणि मग वळणे हे त्यांच्या तंत्राचे मुख्य सूत्र होते. तोल सांभाळण्यासाठी ते एकच लांब काठी वापरत.

हे तंत्र मांडणारे त्यांचे पुस्तक १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले. नॉर्वेजियन शैलीच्या पुरस्कर्त्यांनी त्यावर कठोर टीका केली. झडार्स्की यांनी मात्र हजारो लोकांना विनामूल्य शिकवले. १९ मार्च १९०५ रोजी त्यांनी लिलियेनफेल्डजवळील मुकेनकोगेल पर्वतावर, खुणेच्या काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याची शर्यत घेतली. तीत २४ स्पर्धकांनी भाग घेतला. ही शर्यत पहिली स्लॅलम स्पर्धा मानली जाते.

हिमस्खलनाचा अभ्यास व अपघात

पर्वतात मुक्काम करावा लागल्यास उपयोगी पडणारी, अंगावर ओढून घेण्याची निवारा-पिशवी त्यांनी तयार केली. जर्मन भाषिक गिर्यारोहकांत ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पहिल्या महायुद्धात त्यांनी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला स्की व हिमस्खलनाविषयी मार्गदर्शन केले. २८ फेब्रुवारी १९१६ रोजी, हिमस्खलनात सापडलेल्यांच्या शोधकार्यात असताना, ते स्वतःच बर्फाखाली गाडले गेले. त्यांच्या शरीरातील सुमारे ८० हाडे मोडली अथवा सांध्यांतून निखळली. त्या वेळी त्यांचे वय ६० वर्षे होते. दीर्घ उपचार व स्वतः आखलेल्या व्यायामांच्या बळावर ते पुन्हा स्कीवर उभे राहिले. हिमस्खलनाविषयीचे त्यांचे पुस्तक १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वारसा

गेऑर्ग बिल्गेरी व हान्नेस श्नायडर यांच्या काळात दोन काठ्यांची पद्धत रूढ झाली आणि झडार्स्की यांची एक काठी मागे पडली. मात्र चढताना मोकळी राहणारी टाच आणि उतरताना वेगावर ताबा, या दोन्ही गोष्टी मार्गदर्शकासह होणाऱ्या आजच्या पर्वतीय स्की-सहलींच्याही मुळाशी आहेत. झडार्स्की यांचे निधन सांक्ट पोल्टेन येथे झाले. लिलियेनफेल्ड येथील संग्रहालयात त्यांच्या कार्याचे दालन आहे.