बहिरेपणातून जन्मलेला टेलिफोन

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचं नाव घेतलं की आपल्याला टेलिफोन आठवतो. ते स्वतः मात्र आपली ओळख कर्णबधिरांचे शिक्षक अशी करून देत. ती विनयाने दिलेली ओळख नव्हती. टेलिफोन सापडला तो याच कामाच्या वाटेवर.

3 मार्च 1847 रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे त्यांचा जन्म झाला. आजोबा आणि वडील दोघेही उच्चारशास्त्राचे शिक्षक होते. कोणता ध्वनी काढताना जीभ, ओठ आणि घसा कुठे असतात, हे चिन्हांनी दाखवणारी एक लिपी वडिलांनी तयार केली होती. आई एलायझा यांना फार कमी ऐकू येत असे. इतर लोक त्यांच्या कानाला लावलेल्या नळीत ओरडून बोलत. छोटा अलेक्झांडर मात्र त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या स्वरात बोले, कधी बोटांच्या खुणांनी अक्षरं दाखवी. आवाज म्हणजे कंपन, आणि ते कानाच्या छिद्राखेरीज दुसऱ्या वाटेनेही पोहोचवता येतं, हे त्याला घरातच समजलं असणार.

पुढे क्षयरोगाने या घराला गाठलं. 1867 मध्ये धाकटा भाऊ गेला, 1870 मध्ये थोरला. उरलेल्या एकुलत्या मुलाला वाचवण्यासाठी आई-वडील त्याला घेऊन कॅनडात आले. तिथून बेल अमेरिकेत बोस्टनला गेले आणि कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. मेबल हबर्ड ही त्यांची तिथलीच विद्यार्थिनी. पाच वर्षांच्या सुमारास स्कार्लेट फीवरने तिची श्रवणशक्ती गेली होती. प्रतिजैविकं नसलेल्या त्या काळात या तापाचा संसर्ग कानात शिरून मुलं बहिरी होणं ही नवलाची गोष्ट नव्हती.

आपल्या उच्चाराचा आकार मुलांना डोळ्यांनी दिसला तर त्यांना तो सुधारता येईल, असं बेल यांना वाटे. त्यासाठी 1874 मध्ये त्यांनी क्लॅरेन्स ब्लेक या कानाच्या डॉक्टरांकडून मृत माणसाचा कान मिळवला. त्यातल्या नाजूक हाडांना गवताची काडी जोडली आणि कानात बोलून काजळी धरलेल्या काचेवर आवाजाची रेघ उमटवली. कागदासारखा पातळ पडदा आपल्यापेक्षा कितीतरी जड हाडं हलवतो, हे त्यांनी पाहिलं. मग असाच पडदा लोखंडाचा तुकडा का हलवू शकणार नाही? तारयंत्रात वीजप्रवाह नुसता चालू किंवा बंद होत असे. बोलणं पाठवायचं तर आवाजाबरोबर कमीजास्त होणारा प्रवाह हवा होता. 7 मार्च 1876 रोजी बेल यांना पेटंट मिळालं आणि तीनच दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या सहकाऱ्याला तारेतून त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. बेल यांचा पेटंटचा अर्ज दाखल झाला त्याच दिवशी एलिशा ग्रे यांनीही अशाच यंत्राचा दावा दाखल केला होता. त्यावरून कोर्टकचेऱ्या पुढे अनेक वर्षं चालल्या.

या यंत्राचा उपयोग डॉक्टरांनी फार लवकर ओळखला. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात एका औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या घरांपर्यंत तारा गेल्या होत्या. जानेवारी 1878 मध्ये जवळच टॅरिफव्हिल इथे रेल्वे अपघात झाला, तेव्हा त्याच तारांवरून डॉक्टरांना बोलावणी गेली. 1882 मध्ये मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं.

बेल यांनी जुलै 1877 मध्ये मेबलशी लग्न केलं आणि नव्या कंपनीतले आपले दहा शेअर वगळून बाकी सगळे तिला दिले. मालकी तिच्याकडे आली, पण त्या यंत्रातला आवाज तिला कधीच ऐकू आला नाही.

बेल यांचं डोकं औषधोपचारांकडे वारंवार वळे. ऐकण्याची क्षमता मोजणारं यंत्र त्यांनी बनवलं. 1881 मध्ये त्यांचा नवजात मुलगा श्वास नीट न घेता आल्याने दगावला. त्यानंतर त्यांनी बाहेरून छातीवर हवेचा दाब बदलून श्वास देणारं जाकीट तयार केलं.

मात्र ज्या लोकांसाठी ते आयुष्यभर झटले, त्यांच्यातल्या अनेकांचा बेल यांच्यावर आजही राग आहे, आणि तो रास्त आहे. कर्णबधिरांनी खुणांची भाषा सोडून ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं, असा त्यांचा आग्रह होता. मेबलला ते उत्तम जमे. पण बहिरेपण येण्यापूर्वी ती बोलायला शिकली होती. जन्मतःच ऐकू न येणाऱ्या मुलाला तोच रस्ता फार चढाचा असतो आणि खुणा हिरावल्या तर त्याला भाषाच मिळत नाही. 1883 मध्ये बेल यांनी एक निबंध मांडला. कर्णबधिरांनी आपसांत लग्नं केली तर माणसाची बहिरी जात तयार होईल, अशी भीती त्यात होती. लग्नांना बंदी करणारा कायदा त्यांनी मागितला नाही, पण अशी लग्नं टळावीत आणि शाळांत बहिरे शिक्षक नसावेत, असं त्यांचं मत होतं. प्रत्यक्षात बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्याच पोटी जन्मतात. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलींना नीट ऐकू येत होतं.

2 ऑगस्ट 1922 रोजी मधुमेहाच्या गुंतागुंतीने कॅनडात बेल यांचं निधन झालं. त्याच देशात, टोरंटोमध्ये, त्याच वर्षीच्या जानेवारीत इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचलं गेलं होतं. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले.

तोवर टेलिफोन घरोघरी आणि कचेऱ्यांत पोहोचू लागला होता आणि जो फोन घेऊ शकत नाही, त्याला अनेक नोकऱ्यांची दारं बंद होऊ लागली होती. रात्री मूल आजारी पडलं तर कर्णबधिर आई-बापांना शेजाऱ्याचं दार वाजवावं लागे. यातून वाट काढली ती स्वतः बहिरे असलेल्या रॉबर्ट वाइटब्रेख्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी. 1964 मध्ये त्यांनी साध्या टेलिफोनच्या तारेवरून टंकलेला मजकूर पाठवणारं उपकरण बनवलं. त्यानंतर एसएमएस आला, मग व्हिडीओ कॉल. बेल यांना नकोशी असलेली खुणांची भाषाच आता फोनवरून बोलली जाते. मुंबईच्या लोकलमध्ये एका हाताने मोबाइल समोर धरून दुसऱ्या हाताने भराभर खुणा करणारी तरुण मुलं दिसतात. भारतीय सांकेतिक भाषेसाठी 2015 मध्ये दिल्लीत केंद्र स्थापन झालं. त्याचा शब्दकोश व्हिडीओंच्या रूपात आहे आणि तो मोबाइलवर कोणालाही उघडून पाहता येतो.