अमेरिकेला उधारीवर तोफा पुरवल्या, पण बिल मिटायला ५८ वर्षं लागली!

माल पोहोचवणं सोपं, पैसे वसूल करणं अवघड. हे कुठल्याही दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक दुसऱ्या देशातलं असेल तर डोकेदुखी आणखी वाढते. आणि गिऱ्हाईक म्हणजे थेट दुसऱ्या देशाचं सरकारच असेल तर?

ही गोष्ट आहे फ्रान्सच्या पिएर बोमार्शेची. ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’ आणि ‘द मॅरेज ऑफ फिगारो’ या नाटकांचा लेखक म्हणून जग त्याला ओळखतं. फ्रान्समधलं ‘ल फिगारो’ हे वर्तमानपत्र त्याच्याच पात्राच्या नावावरून निघालं. पण या माणसाचं अर्धं आयुष्य गेलं ते थकलेली येणी वसूल करण्यात.

१७३२ साली पॅरिसमध्ये एका घड्याळजीच्या घरी त्याचा जन्म झाला. विशीत असताना त्याने घड्याळाचा एक नवा भाग तयार केला. राजाच्या नामांकित घड्याळजीने तो स्वतःच्या नावावर खपवायचा प्रयत्न केला. पोरगा गप्प बसला नाही, थेट विज्ञान अकादमीकडे गेला. १७५४ साली निकाल त्याच्या बाजूने लागला आणि त्याला राजदरबाराचं दार उघडलं.

दरबारात त्याची ओळख पारी-दुव्हर्ने या बड्या सावकाराशी झाली. दोघं मिळून व्यवहार करू लागले. १७७० मध्ये दोघांनी हिशोब मिटवून कागदावर सह्या केल्या. त्यानुसार बोमार्शेचे १५ हजार लिव्ह्र येणं निघत होतं. (लिव्ह्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन.) पण त्याच वर्षी सावकार वारला आणि त्याचा वारस म्हणाला, हा कागदच खोटा आहे.

इथे तेव्हाचा फ्रान्स समजून घ्यायला हवा. देश एक, राजा एक, पण कायदा एक नव्हता. उत्तरेत जुन्या रूढींवर आधारलेला कायदा चाले, तर दक्षिणेत रोमन परंपरेतला लिखित कायदा. प्रांतोप्रांतीची वरिष्ठ न्यायालयंही वेगळी होती.

बोमार्शे खालच्या कोर्टात जिंकला, पण १७७३ मध्ये पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयात हरला. त्याच्या मालमत्तेवर जप्ती आली. न्यायाधीशाच्या बायकोला दिलेल्या पैशांवरून आणखी एक खटला उभा राहिला. त्याने सगळं प्रकरण पत्रकं छापून लोकांसमोर मांडलं. पॅरिस त्याच्या बाजूने झालं, पण १७७४ मध्ये कोर्टाने त्याचे नागरी हक्कच काढून घेतले.

पुढे आधीचा निकाल रद्द होऊन मूळ दावा दक्षिणेतल्या एक्स शहरातल्या न्यायालयाकडे गेला. तिथे १७७८ मध्ये तो जिंकला. कागद तोच, सही तीच, पण कोर्ट बदललं आणि निकाल उलटला.

याच काळात त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी उधारी दिली होती.

१७७६ मध्ये अमेरिकेतल्या १३ वसाहती ब्रिटनविरुद्ध लढत होत्या. फ्रान्सला मदत करायची होती, पण उघडपणे नाही. म्हणून बोमार्शेच्या नावावर ‘रोदेरिग होर्तालेझ आणि कंपनी’ नावाची पेढी निघाली. फ्रान्स सरकारने गुपचूप १० लाख लिव्ह्र दिले, स्पेननेही तितकेच दिले. बाकीचा पैसा बोमार्शेने खाजगी लोकांकडून उभा केला.

अमेरिकेचा प्रतिनिधी सायलस डीनशी सौदा ठरला. तोफा, बंदुका, दारूगोळा आणि कपडे फ्रान्सने द्यायचे, बदल्यात अमेरिकेतून तंबाखू आणि इतर माल यायचा. १७७७ मध्ये जहाजं अमेरिकेला पोहोचली. त्याच वर्षी साराटोगाला ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली, त्या विजयात या शस्त्रांचा मोठा वाटा होता.

तंबाखू मात्र येईना. कारण आर्थर ली नावाच्या दुसऱ्या प्रतिनिधीने काँग्रेसला कळवलं होतं की ही सगळी फ्रान्सच्या राजाची भेट आहे, पैसे द्यायची गरज नाही. डीनला परत बोलावलं गेलं. १७७९ मध्ये काँग्रेसने बोमार्शेचे आभार मानले, देणं फेडायचं आश्वासन दिलं. पुढे काही हुंड्याही निघाल्या, पण मोठी बाकी तशीच राहिली.

मग कोर्टात का गेला नाही? कारण जायला कोर्टच नव्हतं. फ्रान्सच्या न्यायालयाचा हुकूम अमेरिकेच्या सरकारवर चालत नव्हता आणि अमेरिकेत काँग्रेसकडे अर्ज करण्यापलीकडे मार्ग नव्हता. म्हणजे ज्याने पैसे द्यायचे, तोच निवाडा करणार. आणि त्या काँग्रेसला सुरुवातीला कर बसवायचाही अधिकार नव्हता, राज्यांकडे हात पसरावे लागत.

हिशोबाची तर गंमतच झाली. १७८७ मध्ये आर्थर लीनेच हिशोब तपासला आणि उलट बोमार्शेच सुमारे ७ लाख ४२ हजार लिव्ह्र देणं लागतो असं ठरवलं. १७९३ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने तेच खातं पाहिलं, तेव्हा अमेरिकाच सुमारे २२ लाख ८० हजार लिव्ह्र देणं लागते असं निघालं.

आता पैसे मिळणार असं वाटत असतानाच १७७६ ची ती १० लाखांची पावती बाहेर आली, खाली बोमार्शेची सही. अमेरिका म्हणाली, हे राजाने आम्हालाच दिलेले पैसे, बिलातून वजा करा. फ्रान्स सरकारचं म्हणणं होतं की ती रक्कम गुप्त कामासाठी होती, मालाशी तिचा संबंध नाही. वाद पुन्हा लटकला.

तोवर फ्रेंच क्रांतीने बोमार्शेला देशोधडीला लावलं होतं. १७९५ मध्ये हॅम्बुर्गला हलाखीत दिवस काढताना त्याने थेट अमेरिकेच्या जनतेकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. १८ मे १७९९ रोजी पॅरिसमध्ये तो वारला.

दावा मुलीने आणि वारसांनी चालू ठेवला. १८३१ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेने एकमेकांच्या नागरिकांची येणी मिटवायचा तह केला. त्यानुसार १८३५ मध्ये वारसांना ८ लाख फ्रँक मिळाले. फ्रँक आणि लिव्ह्रची किंमत जवळपास सारखीच, म्हणजे हॅमिल्टनने काढलेल्या रकमेच्या साधारण एक तृतीयांश. घ्यायचे तर घ्या, असा मामला होता. त्यांनी घेतले.

सरकारविरुद्धचे असे दावे ऐकणारं खास न्यायालय अमेरिकेत निघालं ते १८५५ मध्ये. आज परदेशी व्यवहारात वाद कुठे आणि कोणत्या कायद्याने सोडवायचा, हे करारातच लिहितात. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे एका देशातल्या लवादाचा निवाडा दुसऱ्या देशात वसूल करता येतो, भारतही त्यात आहे.

एक वसुली मात्र बोमार्शेला जिवंतपणी जमली. नाटकाच्या कमाईतला लेखकांचा वाटा नाटक कंपनी नीट देत नव्हती. त्याने सहीचा हिशोब मागितला आणि १७७७ मध्ये लेखकांची संघटना उभी केली. १७९१ मध्ये फ्रान्सने नाटककारांचा हक्क कायद्याने मान्य केला. इथे कोर्ट, कायदा आणि देणेकरी एकाच देशात होते.