नामदार गोखल्यांचा वादधर्म

१८९७ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन महाविद्यालयाचे एकतीस वर्षांचे एक प्राध्यापक विलायतेत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी पुण्याच्या डेक्कन सभेने त्यांना पाठविले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांची ती साक्ष उत्तम वठली. परंतु त्याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूकही घडली, आणि वाद कसा घालावा हे त्यांच्याकडून शिकायचे तर आरंभ त्या चुकीपासूनच करावा लागतो.

पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता. रोगी हुडकण्यासाठी गोरे शिपाई घरोघर शिरत होते. त्यांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने जीव दिला, असे पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून कळविले. गोखल्यांनी तो मजकूर ‘मँचेस्टर गार्डियन’च्या प्रतिनिधीस सांगितला. विलायतेत एकच गदारोळ उठला आणि पुरावा मागण्यात आला. पुण्यात मात्र साक्षीस उभे राहण्यास कोणी तयार होईना. मुंबईस परतल्यावर आरोप शाबीत करता येत नाही अशी खात्री होताच गोखल्यांनी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग कमिटी आणि शिपाई या सर्वांची जाहीर व बिनशर्त माफी मागितली. पत्रे कोणी लिहिली, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

पुणे संतापले. भित्रेपणाचा शिक्का बसला. ज्यांनी पत्रे लिहिली तेही गप्प राहिले. माफीची भाषा जरुरीपेक्षा अधिक नमती होती, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे, कारण शिपायांविरुद्धच्या साऱ्याच तक्रारी काही निराधार नव्हत्या. तरीही आपण केलेले विधान सिद्ध होत नसेल तर ते ज्या चव्हाट्यावर केले त्याच चव्हाट्यावर मागे घ्यायचे, हा नियम त्यांनी प्रथम स्वतःला लावला. आपल्या शिक्षक-खोल्यांत आणि कचेऱ्यांतील संघटनांच्या बैठकींत तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात; आपला आकडा चुकला होता, असे पुढच्या बैठकीत उभे राहून सांगणारा क्वचित आढळतो.

या घटनेनंतर गोखल्यांनी बोलणे सोडले नाही, तयारी वाढविली. शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिणारा हा माणूस. त्याला ग्रंथ आणि अहवाल चाळण्याची शिस्त न्यायमूर्ती रानड्यांनी लावलेली. आकड्यांची छाननी करण्यास गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य असे. हे जोशी सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखल्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण झाले. समोर लॉर्ड कर्झन. दोन भीषण दुष्काळांनंतरही तिजोरीत शिल्लक आहे, यावरून देश सुस्थितीत आहे असे सरकार दाखवीत होते. गोखल्यांनी शिलकेचा आकडा नाकारला नाही. त्यांनी सरकारचेच हिशेब घेऊन शिलकेचे कारण उलगडले. रुपयाची किंमत सुमारे तेरा पेन्सांपर्यंत घसरली तेव्हा तूट भरून काढण्यासाठी कर वाढविले गेले होते; पुढे रुपया सोळा पेन्सांवर आला, विलायतेस धाडावयाच्या रकमेचा भार हलका झाला, कर मात्र तसेच राहिले. म्हणजे शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नसून जादा करांची होती. प्रतिपक्षाचे विधान त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावे आणि मगच त्याचा पाया तपासावा, अशी ही रीत होती. यात कोणाच्या हेतूवर शिंतोडा नव्हता.

पुढील वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांपर्यंत वाढली. याचे सारे श्रेय एका भाषणास देणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु १९०७ पर्यंत मिठाचा कर एक रुपयावर उतरला, आणि त्या काळात दरवर्षी गोखले हा विषय नव्या आकड्यांनिशी मांडीत राहिले, हेही खरे.

सभ्यता म्हणजे मिळमिळीतपणा, असा समज करून घेण्याचे कारण नाही. कर्झन यांच्याच कारकिर्दीत, १९०४ साली, गोखल्यांना सी. आय. ई. ही पदवी मिळाली होती. तरीही वंगभंगानंतर १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून त्यांनी कर्झनच्या राज्यकारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. टीका कठोर होती. पण ती कारभारावर होती आणि कर्झनची बुद्धिमत्ता व कष्टाळूपणा मान्य करून केलेली होती.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ साली मांडले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. ते पडणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते आणि तसे त्यांनी सभागृहात सांगितलेही. तरी खर्चाच्या, सक्तीच्या, लोकांच्या अप्रीतीच्या प्रत्येक आक्षेपाला त्यांनी वेगळे उत्तर दिले. विरुद्ध मत देणाऱ्यांत हिंदी सभासदही होते. त्यांच्याविषयी कडवटपणा त्यांनी दाखविला नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ज्यांच्याशी त्यांचे पाव शतक मतभेद राहिले, सुरतेस ज्यांचा पक्ष काँग्रेसबाहेर पडला, ते लोकमान्य टिळक स्मशानात आले आणि या प्रतिपक्षाचे जीवन डोळ्यांपुढे ठेवण्यास त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले.