३-३५-४० : एका गुलाबाची आणि त्याच्या बापाची गोष्ट

रोझ डे आला की कॉलेजात गुलाबाला भाव येतो. लाल म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मैत्री अशी भाषांतरं सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी तेच गुलाब हॉस्टेलच्या खिडकीत, पाण्याच्या बाटलीत माना टाकतात. या गडबडीत एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. हे गुलाब बनवले कोणी?

'बनवले' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. रानातला गुलाब साधारणपणे पाच पाकळ्यांचा, अगदी साधा असतो. आपण ज्याला गुलाब म्हणतो तो मोठा, भरगच्च, पुन्हा पुन्हा फुलणारा गुलाब माणसाने पिढ्यान् पिढ्या खपून तयार केलेला आहे. म्हणजे ते चक्क एक डिझाइन आहे! आणि डिझाइन म्हटलं की डिझायनर आलाच. आज मी अशाच एका डिझायनरची ओळख करून देणार आहे. त्याचं नाव फ्रान्सिस मेयाँ. आपल्याकडच्या नर्सरीत हेच आडनाव 'मेलँड' असं ऐकू येतं, पण फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं गिळायची पद्धत आहे, त्यामुळे मेयाँ.

फ्रान्सिसचा जन्म २० फेब्रुवारी १९१२ चा. गाव तासँ, फ्रान्समधल्या लियाँ शहराला लागून. लियाँचा परिसर म्हणजे त्या काळी गुलाबवाल्यांची पंढरीच. फ्रान्सिसच्या आईचे वडील आधी शिंपी होते, मग कात्री सोडून गुलाबाच्या नादी लागले आणि चांगले नावाजले. त्यांच्या बागेत काम शिकायला आलेला आंत्वान नावाचा तरुण पुढे त्यांचा जावई झाला. हा आंत्वान म्हणजे फ्रान्सिसचे वडील आणि क्लॉडिया ही त्याची आई. थोडक्यात, पोरगं वाफ्यातच वाढलं.

पण नर्सरी चालवणं वेगळं आणि नवा गुलाब तयार करणं वेगळं. हे दुसरं शास्त्र त्याला ज्या माणसाने शिकवलं त्याचं नाव शार्ल मालरँ, आणि आपल्यासाठी आनंदाची बातमी म्हणजे हा गृहस्थ व्यवसायाने इंजिनिअर होता! गुलाब हा त्याचा छंद. फ्रान्सिस सतरा-अठरा वर्षांचा असताना त्याच्याकडे जाऊ लागला. आपण ज्या वयात सीईटीच्या निकालाची वाट बघत असतो, त्या वयात या मुलाचं ठरून गेलं होतं की आपण नवे गुलाब काढायचे.

आता नवा गुलाब काढतात कसा, ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. गुलाबाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. फूल तसंच सोडलं तर त्याच्यावर त्याचेच किंवा कुठलेही पराग पडू शकतात. म्हणून ज्या झाडाला 'आई' करायचं, त्याची कळी पूर्ण उमलायच्या आत पाकळ्या काढून टाकायच्या, चिमट्याने एकेक पुंकेसर खुडायचा आणि वर कागदी टोपी घालायची. स्त्रीकेसराचा माथा चिकट झाला की 'वडील' झाडाचे पराग ब्रशने लावायचे, पुन्हा टोपी, आणि देठाला चिठ्ठी बांधायची. काही महिन्यांनी छोट्या बोराएवढं फळ पिकतं. आतल्या बिया थंडीत ठेवाव्या लागतात. त्यातल्या बऱ्याच उगवतच नाहीत, ज्या उगवतात त्यांचा काही नेम नसतो.

नेम का नसतो? कारण बागेतला गुलाब हा आधीच पन्नास घराण्यांची सरमिसळ असतो. त्यातून आजच्या बहुतेक बागेतल्या गुलाबांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नाही, चार संच असतात. त्यामुळे प्रत्येक बी वेगळी. एकाच फळातल्या दोन बियांचे गुलाब रंगाने, उंचीने, रोगाला तोंड देण्यात एकमेकांसारखे नसतात. आपल्या प्रॉबॅबिलिटीच्या पेपरला घाबरणाऱ्यांनी कल्पना करा, शेकडो रोपं लावायची, एकेकाची फुलं, पानं, काटे, रोग बघत वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या आणि जवळजवळ सगळी फेकून द्यायची. एखादं उरलं तर उरलं.

१९३५ च्या उन्हाळ्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, फ्रान्सिसने केलेल्या संकरांपैकी एकातून असंच एक रोप उरलं. वहीत त्याला नाव नव्हतं, नंबर होता : ३-३५-४०. मधला ३५ म्हणजे साल. आपल्या परीक्षेच्या सीट नंबरसारखंच. त्याच्या नोंदलेल्या वंशावळीत एक नाव वाचून मी थांबले. 'सुव्हनीर द क्लॉडियस पेर्ने', म्हणजे क्लॉडियस पेर्नेची आठवण. लियाँचाच जोसेफ पेर्ने-द्युशे हा बागेतल्या गुलाबात खरा पिवळा रंग आणणारा माणूस. त्याचे दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्याने दोन गुलाबांना त्यांची नावं दिली. त्यातला एक पिवळा गुलाब या ३-३५-४० च्या पूर्वजांत आहे. पुढे या रोपाचं जे झालं ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

रोप वाढू लागलं. पानं गडद, चकचकीत. फूल भलंमोठं, फिकट पिवळं आणि पाकळ्यांच्या कडांना गुलाबी झाक. आंत्वान आणि फ्रान्सिस दोघांनी ते पारखलं, खुंटावर डोळे भरून त्याची रोपं वाढवली. १९३९ पर्यंत आलेल्या पाहुण्या बागायतदारांनाही ते भावलं. मग परदेशी भागीदारांकडे डोळ्यांच्या काड्या पाठवायच्या ठरल्या. जर्मनीला, इटलीला आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रॉबर्ट पाइलकडे.

आणि सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये फ्रान्स पडला. सीमा बंद झाल्या, पुढे अमेरिकेशी पत्रव्यवहारही तुटला. विचार करा, तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तीन देशांत गेलंय आणि ते जिवंत आहे की मेलं हेही तुम्हाला माहीत नाही! फ्रान्समध्ये त्याने या गुलाबाला 'मादाम आंत्वान मेयाँ' हे नाव दिलं. ही त्याची आई. ती कॅन्सरने लवकर गेली होती. तिकडे इटलीत तोच गुलाब 'जोया' म्हणजे आनंद या नावाने वाढत होता, जर्मनीत 'ग्लोरिया डेई' म्हणजे देवाचा महिमा या नावाने. एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या देशांच्या बागांत एकच झाड वेगवेगळ्या नावांनी फुलत होतं आणि ज्याने ते काढलं त्याला याची खबर नव्हती.

अमेरिकेत पाइलने रोपं वाढवली, वेगवेगळ्या हवामानात चाचण्या घेतल्या. २९ एप्रिल १९४५ रोजी कॅलिफोर्नियात पासाडेना इथे एका समारंभात या गुलाबाचं नामकरण झालं : 'पीस', म्हणजे शांती. बर्लिनमध्ये तेव्हा लढाईचे शेवटचे दिवस चालू होते. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी देशोदेशीचे प्रतिनिधी जमले होते. त्यांच्या शिष्टमंडळांच्या प्रमुखांना 'पीस'चं एकेक फूल शांततेच्या शुभेच्छेसह देण्यात आलं. युद्धात गेलेल्या मुलाच्या आठवणीचा गुलाब ज्याच्या वंशात होता, त्याच झाडाला शांतीचं नाव मिळालं. एखाद्या सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच!

पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला तेव्हा फ्रान्सिसला कळलं की आपला गुलाब जगप्रसिद्ध झालाय. बहुतेक लेख इथेच संपतात. पण मला त्याच्या आयुष्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्यासारख्यांनी तोच वाचायला हवा.

गुलाबाची एक अडचण असते. नवा वाण तयार करायला सात-आठ, कधी दहा वर्षं लागतात. पण एकदा तो तयार झाला की त्याची नक्कल करायला किती वेळ लागतो? आपल्या हॉस्टेलच्या माळीकाकांना विचारा. काडीवरचा एक डोळा धारदार चाकूने काढायचा, खुंटाच्या सालीत 'टी' आकाराची चीर द्यायची, डोळा आत बसवायचा, पट्टी बांधायची. हात बसलेला माणूस हे काही मिनिटांत करतो. आणि ही नक्कल शंभर टक्के अस्सल असते, कारण ते त्याच झाडाचं शरीर असतं. जगात आज जितकी 'पीस'ची झाडं आहेत, ती सगळी त्या एका ३-३५-४० चे डोळे आहेत. म्हणजे ज्याने दहा वर्षं घातली त्याला एका रोपाची किंमत मिळणार, आणि ते रोप विकत घेणारा त्यावरून हजार रोपं करून विकणार. कोणीही त्याला चोर म्हणणार नाही.

१९३५ सालीच फ्रान्सिस अमेरिकेला जाऊन आला होता. तिथे १९३० मध्ये वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला होता आणि १९३१ मध्ये दिलेलं पहिलंच पेटंट 'न्यू डॉन' नावाच्या वेली गुलाबाचं होतं. कलमाने किंवा डोळ्याने वाढणाऱ्या नव्या वाणावर तो काढणाऱ्याचा हक्क, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपामागे थोडी रॉयल्टी. 'पीस'लाही तिथे १९४३ मध्ये पेटंट मिळालं होतं, क्रमांक ५९१. म्हणजे अमेरिकेत त्याच्या कष्टाला मोल होतं आणि स्वतःच्या देशात, युरोपात, ते नव्हतं.

युद्धानंतर त्याने विक्रीचं काम रिशार्दिए नावाच्या भागीदाराकडे सोपवलं आणि स्वतः भूमध्य समुद्राकाठी आँतिब इथे नवे गुलाब काढण्यात बुडाला. त्याची बायको लुईझेत ही तिथल्याच एका गुलाबवाल्याची मुलगी, तीही स्वतः उत्तम गुलाब काढायची. १९५४ मध्ये त्यांचा 'बाकारा' बाजारात आला. लांब दांड्याचा, टिकाऊ, लाल गुलाब. फुलवाल्यांच्या दुकानासाठीच जणू मोजमाप घेऊन शिवलेला. जोडीला त्याची दुसरी लढाई चालू होती. ट्रेडमार्क, पेटंट, करार अशा सगळ्या वाटांनी तो युरोपातल्या बागायतदारांना आणि सरकारांना एकच गोष्ट पटवत राहिला, की पुस्तक लिहिणाऱ्याला आणि यंत्र शोधणाऱ्याला जो हक्क आहे तो वाण काढणाऱ्यालाही हवा.

विरोध करणारेही मूर्ख नव्हते बरं का. त्यांचं म्हणणं असं की झाड ही निसर्गाची वस्तू, तिच्यावर कोणाची मालकी कशी? उद्या गव्हावर, तांदळावर अशीच मालकी आली तर शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातलं बियाणं राखून ठेवायचं की नाही? हा प्रश्न खोटा नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांतून आलेल्या आपल्या हॉस्टेलमेट्सना बियाण्याच्या पिशवीची किंमत मी सांगायला नको.

फ्रान्सिसला या लढाईचा शेवट बघायला मिळाला नाही. १५ जून १९५८ रोजी तो वारला. वय अवघं सेहेचाळीस. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५७ मध्ये, या विषयावर पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली होती. २ डिसेंबर १९६१ रोजी तिथेच नव्या वाणांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. साडेतीन वर्षांनी चुकामूक!

आपल्या देशाने याबाबतीत २००१ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला. त्याच्या नावातच दोन गोष्टी आहेत, वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क. वाण काढणाऱ्याला हक्क मिळतो, आणि शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, अगदी विकायचाही हक्क राहतो. फक्त संरक्षित वाणाचं बी त्या ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. मला हा मधला मार्ग पटतो. गुलाब हौसेसाठी असतो आणि ज्वारी पोटासाठी, दोघांना एकच फूटपट्टी लावून कसं चालेल?

पण म्हणून फ्रान्सिसचा मुद्दा लहान होत नाही. आपण सगळे उद्या काहीतरी डिझाइन करणार आहोत. आज आपल्या हॉस्टेलमध्ये कुठलंही महागडं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून पाच मिनिटांत या रूममधून त्या रूममध्ये जातं आणि यात कोणाचं काही गेलं असं आपल्याला वाटत नाही. डोळा भरण्याइतकंच ते सोपं आहे. फरक इतकाच की उद्या प्रोग्राम आपला असेल, त्यामागची वर्षं आपली असतील, आणि समोरचा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन उभा असेल. तेव्हा हा प्रश्न आपल्याला आजच्या इतका सोपा वाटणार नाही.

शेवटी थोडं घरचं. फ्रान्सिसच्या मागे लुईझेत आणि तरुण मुलगा आलँ यांनी काम चालू ठेवलं. म्हातारा आंत्वान मुलाच्या मागे बरीच वर्षं जगला. १९६३ मध्ये नातवाने काढलेल्या एका काळसर लाल, घमघमणाऱ्या गुलाबाला आजोबांचं नाव मिळालं, 'पापा मेलँड'. 'पीस'ला १९७६ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने मानाच्या यादीत पहिलं स्थान दिलं, 'पापा मेलँड'ही १९८८ मध्ये त्याच यादीत गेला. आईच्या नावाचा गुलाब आणि वडिलांच्या नावाचा गुलाब, दोन्ही आपल्याकडच्या नर्सरीत विकत मिळतात. घ्यायला गेलात तर रोपाला बांधलेली चिठ्ठी वाचा. आणि 'पीस' घेतलात तर हातात घेऊन एवढंच आठवा, की हे १९३५ सालचं तेच एक रोप आहे, तासँ गावातलं, जे कोणीतरी फेकून दिलं नाही.