दोराच्या दुसऱ्या टोकाला

शेर्पा तेनसिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच छायाचित्र उभे राहते. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, आणि उंचावलेल्या हातातल्या बर्फकुऱ्हाडीला बांधलेली निशाणे. २९ मे १९५३, सकाळी साडेअकराची वेळ. एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी थांबले ते जेमतेम पाव तास. त्या पाव तासावर जगभर किती शाई खर्ची पडली! त्यानंतर हाच माणूस दार्जिलिंगमध्ये बावीस वर्षे लोकांच्या पोराबाळांना दोराची गाठ मारायला आणि बर्फाच्या भेगेत पडलेला सोबती वर काढायला शिकवत होता, याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. मला विचाराल तर मला ती बावीस वर्षे त्या पाव तासाइतकीच मोठी वाटतात.

तेनसिंग जन्मले १९१४ साली. तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. पुढे ते २९ मे हाच आपला वाढदिवस मानू लागले. तेरा भावंडांतले हे अकरावे, आणि त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. घरी याक राखण्याचा धंदा. पाळण्यातले नाव नामग्याल वांगडी, पण रोंगबुक मठाच्या लामांच्या सांगण्यावरून ते बदलले गेले. शाळेचे तोंड पाहिले नाही. सही करायला शिकले, बोलायच्या भाषा पुष्कळ आल्या, पण लिहिणे-वाचणे आयुष्यभर जमले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे, कारण अशा माणसाला पुढे शिक्षक व्हायचे होते.

विशीच्या आत ते घर सोडून दार्जिलिंगला आले. परदेशी मोहिमांना हमाल लागत, आणि त्या मोहिमांची भरती दार्जिलिंगला होई. १९३३ च्या मोहिमेने त्यांना घेतले नाही. १९३५ साली एरिक शिप्टन यांनी निवडले, आणि पाठीवर ओझे घेऊन तेनसिंग पहिल्यांदा एव्हरेस्टकडे निघाले. त्या काळचे दोर वनस्पतींच्या धाग्यांचे असत. ओले झाले की थंडीत गोठून काठीसारखे ताठ होत. अशा दोरावर गाठ बसवायची, तीही बधिर बोटांनी! शिकवायला कोणी नव्हते. साहेब काय करतो ते पाहायचे आणि आपणही तसे करायचे, एवढेच शिक्षण.

मध्ये युद्ध आले. तेनसिंग चित्रालला नोकरीत होते, तिथेच १९४४ साली त्यांची पहिली पत्नी दावा फुटी वारली. दोन लहान मुली घेऊन ते दार्जिलिंगला परतले. तो काळ फार ओढग्रस्तीचा होता.

१९४७ साली एका स्विस तुकडीबरोबर ते गढवालात केदारनाथ शिखरावर गेले. तुकडीचा सरदार, म्हणजे शेर्प्यांचा मुकादम, होता वांगडी नोर्बू. वरच्या भागात वांगडी आणि आल्फ्रेड सुटर हा स्विस गिर्यारोहक एकाच दोरात होते. पाय निसटला आणि दोघेही खूप खाली घसरत गेले. वांगडीचा पाय मोडला. त्या दिवशी त्याला खाली आणणे शक्य झाले नाही. रात्र त्याने वरच काढली, आणि आपल्याला टाकून दिले या समजुतीने त्याचा धीर पार सुटला. त्याला खाली आणायला वर गेलेल्यांत तेनसिंग पुढे होते. जखमी माणूस उतारावरून आणणे म्हणजे काय, हे ज्याने कधी केले नाही त्याला सांगून कळणार नाही. स्वतः एकटे उतरताना पाऊल चुकले तर आपण सावरतो. इथे दुसऱ्याचे सगळे वजन आपल्या दोरावर असते आणि त्याच्याकडून मदत शून्य. वांगडी वाचला. त्याच्या जागी सरदारकी तेनसिंगकडे आली, आणि पुढे त्याच मोहिमेत ते केदारनाथच्या माथ्यावर पोचले.

चार वर्षांनी, १९५१ मध्ये, पुन्हा तसेच. नंदादेवीवर रॉजर दुप्ला आणि जिल्बेर विन्य हे दोन फ्रेंच तरुण शिखराकडे गेले ते परत आलेच नाहीत. तेनसिंग आणि लुई द्युबोस्त नंदादेवी पूर्व शिखरावर चढले, तेव्हा त्या दोघांचा काही माग लागतो का, हेही त्यांना पाहायचे होते. माग लागला नाही. ती चढाई आपल्या आयुष्यातली सर्वांत अवघड होती असे तेनसिंग पुढे सांगत. एव्हरेस्ट नव्हे, ही.

आता १९५३ चा एप्रिल. खुंबूच्या हिमप्रपातातून तेनसिंग आणि हिलरी एका दोरात खाली येत होते. हिमनदी वरून अखंड दिसते, पण तिला खोल भेगा पडलेल्या असतात. गिर्यारोहक त्यांना क्रेव्हास म्हणतात. हिलरींनी एका भेगेवरून उडी मारली आणि पलीकडची कडाच त्यांच्यासकट आत कोसळली. मागे असलेल्या तेनसिंगनी त्याच क्षणी कुऱ्हाड बर्फात खुपसली, दोराचा वेढा तिच्या दांड्याला दिला आणि अंग झोकून ती दाबून धरली. हिलरी साधारण पंधरा फुटांवर अडकले. मग हळूहळू वर आले. तेनसिंगचे हातमोजे दोराने फाटले होते. महिन्याभराने शिखरावर जी जोडी उभी राहिली ती याच दिवशी जुळली, असे मानायला जागा आहे.

या कामाची रीत थोडी सांगतो, कारण ऐकताना ते सोपे वाटते. पडणाऱ्याला रोखणे ही फक्त सुरुवात. मग धरणाऱ्याला स्वतःच्या अंगावरचे वजन बर्फात रोवलेल्या पक्क्या आधारावर न्यावे लागते, तेही दोर तसूभर सैल न होऊ देता. दोर भेगेच्या काठात रुतत जातो, आणि रुतलेला दोर कितीही ओढला तरी सरकत नाही. म्हणून काठावर दोराखाली कुऱ्हाडीचा दांडा किंवा पाठपिशवी सरकवायची. खालचा माणूस शुद्धीवर असेल तर तो दोरावर प्रुसिकच्या गाठी बांधतो. ही गाठ वजन पडले की आवळते आणि वजन काढले की सरकते, म्हणजे माणूस तिच्यावर पाय देऊन जिना चढावा तसा वर येतो. तो बेशुद्ध असेल तर वरच्यांनी ओढायचे. आपल्या विहिरीवर एक कप्पी असते, ती फक्त ओढायची दिशा बदलते. दोर दोन ठिकाणी वळवून सरकती कप्पी लावली की हिशेबाने एक तृतीयांश जोर पुरतो. घर्षणामुळे प्रत्यक्षात बराच जास्त लागतो. हे सारे वाऱ्यात, दमलेल्या अंगाने करायचे. सराव नसेल तर अशा वेळी हात सुचेल ते करतात, आणि एकाच्या जागी दोघे जातात.

एव्हरेस्टनंतर जवाहरलाल नेहरू आणि डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था काढायचे ठरवले. क्षेत्रीय प्रशिक्षणाची सूत्रे तेनसिंगकडे द्यायची होती. पण डोंगर येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे. म्हणून १९५४ मध्ये तेनसिंग आणि काही निवडक शेर्पा स्वित्झर्लंडमध्ये रोझेनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या शाळेत गेले. मला या चरित्रातला हा प्रसंग सर्वांत आवडतो. चाळिशीचा, जगभर फोटो छापले गेलेला माणूस विद्यार्थी म्हणून रांगेत उभा राहतो आणि वीस वर्षे हाताने करत आलेली गाठ पहिल्यापासून शिकतो. आपल्याकडे एवढे नाव झाल्यावर कितीजण पुन्हा बाकावर बसतील?

४ नोव्हेंबर १९५४ रोजी रॉय व्हिला या बंगल्यात संस्था सुरू झाली. मेजर नंदू जयाल हे पहिले प्राचार्य. १९५८ साली चो ओयूच्या मोहिमेत त्यांचा अंत झाला. तेनसिंग १९७६ पर्यंत प्रशिक्षण संचालक होते. मुलांना आधी दार्जिलिंगच्या कातळावर आणि मग पश्चिम सिक्कीमच्या हिमनद्यांवर न्यायचे, हा शिरस्ता. लेबाँगच्या वाटेवरच्या सरावाच्या कातळाला तेनसिंग रॉक हेच नाव पडले. त्यांचे भाचे नवांग गोम्बू तिथेच शिकवू लागले, आणि १९६३ व १९६५ असे दोनदा एव्हरेस्ट चढणारे ते जगातले पहिले ठरले.

सह्याद्रीत कातळ मुबलक, पण बर्फ कुठून आणायचा? म्हणून आपली मराठी मुले-मुलीही दार्जिलिंग, उत्तरकाशी किंवा मनाली गाठतात. मी दार्जिलिंगला अठ्ठावीस दिवसांच्या बेसिक कोर्सला गेलो तेव्हा तेनसिंग हयात नव्हते. आमचे शेर्पा सर प्रत्येकाच्या कमरेची गाठ डोळ्यांनी पाहून सोडत नसत, बोटांनी चाचपत. नंतर जोडीदारालाही तेच करायला लावत. ही सवय कुठून आली, असे मी विचारले तर त्यांनी नुसते संस्थेच्या आवारातल्या पुतळ्याकडे बोट दाखवले.

९ मे १९८६ रोजी तेनसिंग दार्जिलिंगमध्ये वारले, आणि संस्थेच्या आवारातच त्यांना अग्नी दिला गेला. धाकट्यांनी डोंगरात जीव धोक्यात घालावा असे त्यांना वाटत नव्हते. मुलगा जामलिंग याने एव्हरेस्टला जाण्याची परवानगी मागितली तेव्हा ती त्यांनी दिली नव्हती. तरीही वडिलांच्या मागे दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, जामलिंग एका चित्रपटाच्या तुकडीबरोबर गेला. १० मेच्या वादळात वर आठ माणसे दगावली. तेव्हा त्या तुकडीने चित्रीकरण थांबवले, वर साठवलेला आपला ऑक्सिजन देऊ केला आणि हिमदंशाने हात गेलेल्यांना खाली आणायला हातभार लावला. शिखराचा विचार त्यानंतर. २३ मे रोजी जामलिंग माथ्यावर पोचला.