शांतिब्रह्म श्रीसंत एकनाथ महाराज आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत

गोदावरीच्या तीरावरील प्राचीन प्रतिष्ठान नगरी म्हणजेच आजचे पैठण. या विद्यानगरीत इ. स. १५३३ च्या सुमारास श्रीएकनाथ महाराजांचा जन्म झाला. विजयनगरास नेलेली श्रीविठ्ठलमूर्ती ज्यांनी पंढरपुरास परत आणली, असे परंपरा मानते, ते संत भानुदास हे नाथांचे पणजोबा होत. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी यांचे छत्र बालपणीच हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला.

लहान वयातच नाथ देवगिरीस गेले आणि तेथील किल्लेदार श्रीजनार्दनस्वामी यांचे शिष्य झाले. स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम सोपविले होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या तपासत बसले आणि उत्तररात्री चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. पैसाठी लागलेली ही एकाग्रता परमार्थात लागली, तर केवढे कार्य घडेल, हे स्वामींनी त्याच वेळी ओळखले, अशी कथा संप्रदायात सांगितली जाते. गुरूंच्या आज्ञेने पुढे नाथ पैठणास परतले, गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि प्रपंचात राहूनच त्यांनी परमार्थ केला.

श्रीज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे हा ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपानेच घरोघरी गेला. कोठे लेखकाचा हात चुकला, कोठे जुना शब्द न समजल्याने बदलला गेला, तर कोठे भक्तिभावाच्या भरात कोणी पदरची ओवी जोडली. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु श्रोत्यापुढे आलेले वचन माउलींचे की नक्कल करणाऱ्याचे, हे कळेनासे झाले. परंपरा अशी की, माउलींनी नाथांना स्वप्नात दृष्टांत देऊन आपल्या कंठास लागलेली अजानवृक्षाची मुळी काढण्यास सांगितले. नाथ आळंदीस गेले, त्यांनी समाधिस्थानाचा शोध घेतला आणि नंतर ग्रंथशुद्धीचे कार्य हाती घेतले. निरनिराळ्या प्रती ताडून पाहून शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तोपर्यंत नाथ स्वतः थोर ग्रंथकार म्हणून मान्यता पावले होते. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची विस्तृत टीका, ‘एकनाथी भागवत’, इ. स. १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण झाली होती. अशा समर्थ कवीला माउलींच्या शब्दावर आपला साज चढविणे अवघड नव्हते. परंतु तेथे त्यांनी आपली प्रतिभा बाजूस ठेवली. अखेरीस कार्याची नोंद करणाऱ्या मोजक्या ओव्या त्यांनी वेगळ्या लिहिल्या आणि यापुढे या ग्रंथात कोणीही आपली ओवी मिसळू नये, अशी स्पष्ट ताकीद त्यांतच दिली.

लोकांना उपदेश करताना मात्र नाथांनी भाषेचे व वेषाचे बंधन मानले नाही. वासुदेव, जोशी, गोंधळी अशी गावोगावी दिसणारी माणसे त्यांच्या भारुडांत बोलू लागली. विंचवाच्या दंशावरून त्यांनी काम-क्रोधाचे विष समजाविले. वेष लोकांचा होता, आशय संतांचाच राहिला.

याची कसोटी त्यांच्या घरातच लागली. पुत्र हरिपंडित विद्वान होते. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे व सर्वांघरचे अन्न घ्यावे, हे न रुचून ते काशीस निघून गेले. नाथ त्यांना आणावयास गेले, तेव्हा संस्कृतातच सांगावे व परान्न घेऊ नये, अशी अट त्यांनी घातली. पुत्रप्रेमाने नाथांनी ती मान्य केली. पुराण हरिपंडित सांगू लागले, परंतु श्रोते दिवसेंदिवस कमी झाले. शब्द शुद्ध होता, तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पुढे हरिपंडितांचे मन पालटले व नाथांचे मराठी निरूपण पुन्हा सुरू झाले, असे चरित्रकार सांगतात. भूतदया सांगणाऱ्या नाथांनी वाळवंटात पोळणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल कडेवर घेतले आणि काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवास पाजली, या कथाही सर्वश्रुत आहेत.

फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ रोजी नाथांनी गोदावरीत देह ठेवला. याच तिथीस पैठण येथे नाथषष्ठीचा उत्सव भरतो व दूरदूरच्या दिंड्या तेथे येतात.

आज संतांच्या नावावर, संतांनी कधीही न रचलेल्या ओव्या व अभंग भ्रमणध्वनीवरून क्षणात सर्वत्र पोहोचतात. पुढे पाठविण्यापूर्वी मूळ ग्रंथ उघडून पाहावा. ग्रंथदान करू इच्छिणाऱ्या दात्यांनीही मुखपृष्ठाच्या शोभेपेक्षा संहितेची शुद्धता आधी पाहावी. एका पैसाठी रात्र जागविणाऱ्या नाथांचे हे स्मरण आपणा सर्वांच्या हातून घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.